१९९६ ची शातो लातूर (फ्रान्सच्या बोर्दो भागातली रेड वाइन) उघडताना काय काळजी घ्यावी?

बाटली आडवी ठेवलेली असेल तर आधी दोन दिवस उभी करून ठेवा, म्हणजे साका तळाशी बसेल. एवढ्या जुन्या वाइनमध्ये तो असतोच, खराबीची खूण नव्हे. बाटलीतल्या वाइनची पातळी मात्र नीट बघा: बाटलीच्या मानेत किंवा खांद्याच्या वरच्या टोकाला असेल तर उत्तम, खांद्याच्या मध्याखाली उतरली असेल तर बुचातून हवा गेल्याची शंका घ्यावी.

जुनं बूच साध्या स्क्रूने मधोमध तुटतं. दोन पात्यांचा ओपनर बुचाच्या कडेने हलवत आत सरकवा आणि फिरवत वर ओढा. मग मानेखाली टॉर्च धरून, न थांबता, एका धारेत डिकँटरमध्ये (वाइन ओतून ठेवायच्या काचेच्या सुरईत) ओता. मानेशी साका काळपट धूर आल्यासारखा दिसला की तिथेच थांबा. चव १७-१८ अंशांना खुलते. आपल्याकडच्या ३० अंशांत नुसता अल्कोहोल नाकात जातो. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर दोष बुचाचा, त्याला इलाज नाही.

ही वाइन इतकी टिकते ती जमिनीमुळे. बोर्दोतल्या पोइयाक गावच्या या इस्टेटीचा मूळ मळा, 'लाँक्लो', सुमारे ४७ हेक्टरांचा, जिरोंद खाडीजवळ: वर गोटे, खाली चिकणमाती. तिथे काबर्ने सोव्हिन्यों ही द्राक्षाची जात चांगली पिकते आणि तिच्या जाड सालीतलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, वाइनला दशकानुदशकं धरून ठेवतं. बोर्दोच्या वाइन्सच्या १८५५ च्या अधिकृत वर्गवारीत लातूर पहिल्या श्रेणीत होती. १९९३ पासून मालकी फ्रेंच उद्योगपती फ्रांस्वा पिनो यांच्याकडे आहे.