वाचकांचे प्रश्न : विली लोमनचा नकार

प्रश्न : आर्थर मिलर यांच्या ‘डेथ ऑफ अ सेल्समन’ (1949) या नाटकातील विली लोमन शेजारी चार्लीकडून दर आठवड्याला 50 डॉलर उसने घेतो, मग त्यानेच देऊ केलेली नोकरी का नाकारतो?

उत्तर : उसनवारी फेडू, अशी मनाची समजूत घालता येते, नोकरी पत्करली, तर लोकांना आवडणारा माणूस हमखास यशस्वी होतो, ही मुलांनाही पढवलेली श्रद्धा खोटी ठरते. मालक हॉवर्ड आधी नव्या ध्वनिमुद्रण यंत्रावर स्वतःच्या मुलांचे आवाज कौतुकाने ऐकवतो आणि मग 63 वर्षांच्या विलीला कामावरून काढतो. नाटकातील सर्वांत क्रूर प्रसंग (माझ्या मते तरी) आत्महत्येचा नसून हाच आहे. विम्याचे 20,000 डॉलर थोरला मुलगा बिफ याला भांडवल म्हणून मिळतील, या हिशेबाने विली मोटार घेऊन निघतो. ते मिळाले की नाही, हे मिलर सांगत नाहीत.