व्हिसाच्या मुलाखतीची नोंद कुणाकडे राहते?

चि. मुलीस, अनेक आशीर्वाद.

मुलाखतीत आपलं बोलणं रेकॉर्ड होतं का, आणि अधिकाऱ्यानं भलतंच लिहून घेतलं तर दाखवायला आपल्याकडे काय असतं, असं तू विचारलंस. याचं उत्तर कचेरीगणिक बदलतं. तू अमेरिकेत शिकायला चालली आहेस, म्हणून तिथल्या व्हिसाचं आधी सांगतो.

मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये मुलाखत खिडकीसमोर उभ्यानं होते. खरं बोलण्याची शपथ आणि मग काही मिनिटांचे प्रश्न. तुला नंतर मागून घेता येईल असं ध्वनिमुद्रण तिथं होत नाही. अधिकारी प्रश्न विचारता विचारता संगणकावर टिपणं लिहितो, आणि तीच नोंद राहते. पुन्हा अर्ज केलास तर पुढच्या अधिकाऱ्यासमोर आधी ती टिपणं येतात. तिकडच्या कायद्याचं कलम २२२-एफ ही नोंद गोपनीय ठेवतं. त्यामुळे ती बाहेरच्यांना मिळत नाही, पण तुलाही मिळत नाही. माहिती मागणारा अर्ज केलास तर फार तर तू स्वतः दिलेले कागद परत दिसतील. मोबाइल आत नेता येत नाही, वकील सहसा खिडकीपर्यंत येऊ शकत नाही. आपल्या बेळगावकडचे बरेच जण रात्रीच्या बसनं जाऊन थेट रांगेत उभे राहतात. तू आदल्या दिवशी पोहोच.

म्हणून खरा बचाव मुलाखतीच्या आधी, डीएस-१६० या व्हिसाच्या ऑनलाइन अर्जाच्या फॉर्ममध्ये असतो. फॉर्म कुणीही भरला तरी त्यावर सही तुझी आणि जबाबदारीही तुझीच. ‘हा अर्ज भरायला कुणी मदत केली का?’ असा प्रश्न त्यात आहे. एजंट तिथं सर्रास ‘नाही’ लिहितात. तू एजंटकडून भरून घेतलास तर ‘हो’ लिही आणि त्याचं नाव घाल. पाठवण्याआधी प्रत्येक पान स्वतः वाच, आणि पाठवलेल्या अर्जाची संपूर्ण प्रत ठेव, नुसतं बारकोडचं पान नव्हे. तू काय म्हटलं होतंस याचा तुझ्या हातातला पुरावा तोच.

नातेवाइकांच्या रकान्यात आपल्या भागातली मुलं हमखास अडकतात. आपण चुलतभावाला, मावसभावाला नुसतं ‘भाऊ’ म्हणतो. फॉर्ममध्ये जवळचे नातेवाईक म्हणजे जोडीदार, ठरलेला जोडीदार, मुलं आणि सख्खी भावंडं. आईवडिलांचा प्रश्न वेगळा. चुलतभाऊ ‘इतर नातेवाईक’ या प्रश्नात येतो. फॉर्ममध्ये सख्खं कुणी नाही असं लिहून खिडकीवर ‘माझा ब्रदर टेक्सासमध्ये आहे’ म्हणालीस, तर टिपणात विसंगती उमटते आणि ती पुसायला तू तिथं नसतेस. ‘कझिन’ हा शब्द आत्ताच तोंडात बसव.

दुसरी अडचण कागदांची. १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावचं अधिकृत नाव बेळगावी झालं, त्यामुळे पासपोर्टवर एक आणि दाखल्यावर दुसरं असू शकतं. जन्मस्थान पासपोर्टवर आहे तसंच फॉर्ममध्ये लिही. कविता, सुनीता अशा नावांत कर्नाटकातल्या कचेऱ्या ‘टी’पुढे ‘एच’ घालतात, मराठी शाळेच्या दाखल्यावर तो नसतो. जुना जन्मदाखला फक्त कन्नडमध्ये असेल तर इंग्रजी भाषांतर करून घे, आणि भाषांतर पूर्ण व अचूक आहे, आपल्याला दोन्ही भाषा येतात, असं भाषांतरकाराच्या सहीनिशी लिहून घे. खिडकीवर हे कागद कदाचित कुणी बघणारही नाही. पण नावातल्या फरकाबद्दल विचारलं, तर एका वाक्यात उत्तर तयार हवं.

भाषेचं सांगतो. मुंबईत मुलाखत मराठीत मागता येते. आईवडिलांच्या व्हिजिटर व्हिसासाठी ती जरूर मागावी. तू शिकायला चालली आहेस, इंग्रजीतच बोल. पण प्रश्न कळला नाही तर मान डोलवू नकोस, ‘पुन्हा विचाराल का’ म्हण. काचेमागून, माइकवरून आवाज नीट येत नाही, हे अधिकाऱ्यालाही माहीत असतं. नकळत ‘येस’ म्हटलेलं टिपणात ‘हो’ म्हणूनच जातं.

चुकीचं बोललीस असं लक्षात आलं तर खिडकी सोडण्याआधी, अधिकाऱ्यानं पकडण्याआधी, स्वतःहून दुरुस्त कर. वेळेवर मागे घेतलेलं विधान फसवणूक धरलं जात नाही. उलट, व्हिसावर परिणाम करणारी जाणूनबुजून केलेली खोटी माहिती ठरली तर कलम २१२ खाली कायमची अपात्रता येते. २१४-बी खालचा नकार, म्हणजे तू शिकून परत येशील याची खात्री पटली नाही म्हणून दिलेला, त्यामानानं साधा: अपील नाही, पण नवी फी भरून पुन्हा अर्ज करता येतो. २२१-जी ची चिठ्ठी मिळाली तर प्रकरण तूर्त अडकलेलं आहे. मागितलेले कागद एका वर्षाच्या आत दे, म्हणजे फी पुन्हा पडत नाही. कुठलं कलम लावलं ते चिठ्ठीवर असतं; एजंटच्या तोंडचं कारण ऐकू नकोस.

बाहेर आल्यावर, चहाच्या आधी, वहीत लिही: तारीख, वेळ, खिडकीचा नंबर, प्रश्न ज्या क्रमानं आले त्या क्रमानं, तुझी उत्तरं, कोणते कागद घेतले, कोणते परत दिले. त्या पानाचा फोटो स्वतःलाच ईमेल कर, म्हणजे तारखेचा शिक्का बसतो. हा कायदेशीर पुरावा नाही. पण पुढच्या अर्जात उत्तरं जुळवायला याहून खात्रीचं काही तुझ्याकडे नसेल. चोरून रेकॉर्डिंग मात्र कुठेच करू नकोस, व्हिडिओ कॉलवरच्या मुलाखतीतही नाही.

तुझ्या मैत्रिणींसाठी बाकीचं थोडक्यात. ब्रिटनमध्ये आश्रयाच्या मुलाखतीचं ध्वनिमुद्रण होतं. विद्यार्थी व्हिसावाल्यांना स्वतःची माहिती मोफत मागता येते, सहसा महिन्याभरात मिळते. भारतातून अर्ज करून नकार आला तर प्रशासकीय फेरतपासणी २८ दिवसांत मागावी लागते. कॅनडात अधिकाऱ्याची टिपणं मिळतात; २०२२ पासून देशाबाहेरच्या अर्जदारालाही गोपनीयता कायद्याखाली आपली फाइल मागता येते, फी नाही. लग्न होऊन अमेरिकेत गेलेल्या मुलीची ग्रीन कार्डची मुलाखत झाली, तर तिथं वकील सोबत बसू शकतो. संशय आला तर नवराबायकोला वेगळं बसवून विचारतात आणि तेव्हा रेकॉर्डिंगही होऊ शकतं. अधिकाऱ्यानं जबाब लिहून सहीसाठी पुढे केला, तर पूर्ण वाचल्याशिवाय, न कळल्यास दुभाष्याकडून वाचून घेतल्याशिवाय सही करायची नाही, आणि चुकीची ओळ आधी दुरुस्त करून घ्यायची.

तुझा डीएस-१६० पाठवण्याआधी मला दाखव. नातेवाइकांचं आणि मदतनिसाचं पान मी आधी बघेन.

तुझा,
काका