बापानं आत्महत्या केलेल्या घरी मुलगी द्यावी का? हे आनुवंशिक असतं का?

द्या किंवा देऊ नका, पण ‘थे त्याईच्या रक्तातच हाय’ म्हणून सोयरिक मोडू नका. आमच्या यवतमाळकडं बैठकीत पोहे संपेस्तोवर वावर किती, ओलीत किती, सगळं विचारून होतं. मग एखादा मामा हळूच मुलाच्या बापाचा विषय काढतो आणि पाहुणे चहा न घेता उठतात. मामाला सातबारा वाचता येतो, आनुवंशिकता नाही.

रक्ताचा भाग आहेच. डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्या आणि पुढं आत्महत्या केलेल्या ५७ जणांच्या नातेवाइकांच्या नोंदी तपासल्या, ते १९७९ मध्ये छापून आलं. जन्माच्या घरच्या २६९ नातेवाइकांपैकी १२ जणांची आत्महत्या होती. तुलनेला घेतलेल्या दत्तकांच्या तेवढ्याच नातेवाइकांत २. ज्या घरी वाढले तिथं एकही नाही. म्हणजे पाहून शिकण्याव्यतिरिक्तही काही उतरतं. पण उरलेल्या २५७ जणांचं बैठकीत कोणी बोलत नाही.

उतरतं ते एक जनुक नव्हे, अनेकांचा बारीक बारीक वाटा. एक धागा नैराश्याचा, बायपोलरचा (मन कधी फार चढतं, कधी फार खचतं, तो आजार). दुसरा त्याहून वेगळा, झटक्यात काहीतरी करून बसण्याचा. मेंदूचा पुढचा भाग त्याला लगाम घालतो, त्यात सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाचा हात असतो. लहानपणी फार छळ सोसला असेल तर ताणाचं संप्रेरक कॉर्टिसॉल आवरणाऱ्या जनुकावर रासायनिक खुणा बसलेल्या सापडल्यात. ते रक्तातून आलेलं नसतं, घरानं दिलेलं असतं.

उलट बाजूही तितकीच चुकते. शेतकरी आत्महत्येच्या सरकारी मदतीत कर्ज अन् वसुलीचा तगादा कागदावर दिसला तर प्रकरण ‘पात्र’, नाहीतर ‘अपात्र’, कारण दारू किंवा आजार. जणू एकाच माणसाला कर्ज आणि नैराश्य दोन्ही असूच शकत नाही!

झटका बऱ्याचदा काही मिनिटांचा असतो, म्हणून फवारणीचं औषध घरात ठेवायचं नाही. लागेल तेवढंच आणा, उरलं तर पेटीला कुलूप आणि किल्ली दुसऱ्याकडं. श्रीलंकेनं अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी आणली आणि तिथलं आत्महत्यांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. रक्त तेच होतं.

मुलाच्या बापाचं नका विचारू, मुलाची झोप, दारू, चालू गोळ्या विचारा. बायपोलरवरचं लिथियम चालू असेल तर लपवण्यासारखं काही नाही, आत्महत्येचा धोका कमी करणारं ते औषध आहे. फक्त रक्तातली पातळी, किडनी, थायरॉइड तपासत राहावं लागतं. मे महिन्यात घाम जाऊन पाणी कमी पडलं, हगवण लागली किंवा अंगदुखीला डायक्लोफिनॅक घेतलं की पातळी चढते. हात थरथरतात, तोल जातो. नैराश्याच्या गोळीला दोन ते चार आठवडे द्यावे लागतात. पंचविशीच्या आतल्या पोराकडं सुरुवातीला जास्त लक्ष ठेवावं लागतं. बरं वाटलं म्हणून मनानं बंद करणं, हा तर सगळीकडचा घोळ.

हे सगळं मुलगा सध्या बरा आहे असं धरून. तो मरायच्या गोष्टी करत असेल तर लग्न थांबवा, ‘लगन झालं की सुधरते’ म्हणणाऱ्या मामाचं ऐकू नका. त्याला एकटं सोडू नका, जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते तिथं न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात, रात्रीही लागतो.