जावास्क्रिप्टमध्ये ऑर्डरींच्या आतल्या वस्तूंची एकच सपाट यादी कशी करायची?

फॉर-लूपमध्ये फॉर-लूप घालून पुश करत बसू नका, फ्लॅटमॅप (flatMap) वापरा. समजा, तुमच्या एपीआयकडून (सर्व्हरकडून डेटा देणारी सोय) ऑर्डरींचा अ‍ॅरे, म्हणजे यादी येते, प्रत्येक ऑर्डरीत ग्राहकाचं नाव आणि वस्तूंचा आणखी एक अ‍ॅरे असतो, आणि टेबलात दर वस्तूला एक ओळ हवी आहे. मग बाहेर ऑर्डरींवर फ्लॅटमॅप, आत वस्तूंवर साधा मॅप (प्रत्येक घटकापासून नवा घटक बनवणारी मेथड). आतून परत करायचं ते नवं ऑब्जेक्ट, ज्यात वस्तू स्प्रेड केलेली (तीन टिंबांनी तिची सगळी फील्ड्स उतरवलेली) आणि शेजारी ग्राहकाचं नाव. तीन ऑर्डरींत २, १ आणि ४ वस्तू असतील तर दोन्हीकडे मॅप ठेवल्यावर तीन अ‍ॅरेंचा अ‍ॅरे मिळतो. फ्लॅटमॅप तीच एक पातळी उकलून ७ ओळी हातात देतो. एक्मास्क्रिप्ट २०१९ (जावास्क्रिप्टच्या प्रमाणाची आवृत्ती) पासून ही मेथड भाषेतच आहे, त्यासाठी लोडॅश ही बाहेरची लायब्ररी ओढायची गरज नाही. (ऑर्डरीचा आयडी हवा असेल तर त्याला 'ऑर्डरआयडी' असं वेगळं नाव द्या, नाहीतर वस्तूचा आयडी पुसला जातो.) एकच सांभाळा: स्प्रेडची कॉपी वरवरची असते. वस्तूत किमतीचं वेगळं ऑब्जेक्ट असेल आणि टेबलातून ते बदललंत, तर मूळ ऑर्डरीतली किंमतही बदलेल; तिथे आधी स्ट्रक्चर्डक्लोन (structuredClone, आतल्या ऑब्जेक्टांसकट पूर्ण कॉपी) करून घ्या.