विल्बर गावच्या आजेसासऱ्यांचं चरित्र लिहायला घेताना

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. आजेसासऱ्यांचं चरित्र लिहायचं मनावर घेतलंस, फार बरं वाटलं. त्यांच्या निधनाच्या बातमीत तीन शब्द हमखास आले असतील: शेतकरी, माजी सैनिक, कुटुंबवत्सल. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या चेक वस्त्यांत त्यांच्या पिढीतल्या बहुतेक पुरुषांच्या नावामागे हेच तीन शब्द लागतात आणि पुष्कळदा ते खरेही असतात. पण त्यांतून माणूस दिसत नाही. तो कागदपत्रांत दिसतो, आणि कधी कधी हे तिन्ही शब्द एकाच कागदावर भेटतात. म्हणून बोहेमियातल्या मूळ गावापासून सुरुवात करू नकोस. घरात जे आहे ते आधी उघड आणि तिथून मागे जा.

सगळ्यात आधी सैन्यातून सुटल्याचा दाखला शोध. सगळे ‘डीडी २१४’ म्हणतात, पण तो फॉर्म १९५० पासूनचा. दुसऱ्या महायुद्धात भूदलात शिपाई असलेल्याचा दाखला म्हणजे डब्ल्यूडी एजीओ फॉर्म ५३-५५. घरात सापडला नाही तर विल्बर गावी काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, कचेरीत विचार. मूळ प्रत हरवली तर अडायला नको म्हणून परतलेल्या पुष्कळ सैनिकांनी दाखला तिथे नोंदवून ठेवला होता.

दाखला हाती आला की रकान्यांच्या क्रमाने वाच. रकाना २ मध्ये लष्करी क्रमांक असतो. त्याचा पहिला अंक १ असेल तर माणूस स्वतःहून भरती झाला, २ म्हणजे नॅशनल गार्डमधून, म्हणजे राज्याच्या राखीव दलातून, आला, ३ म्हणजे ड्राफ्टमधून, म्हणजे सक्तीच्या भरतीतून. दुसऱ्या अंकावरून प्रदेश कळतो: ३७ ने सुरू होणारे क्रमांक नेब्रास्का, आयोवा, कॅन्सस या पट्ट्यातले, ३८ चे टेक्सासकडचे. मात्र ३ दिसला की ‘सक्तीने नेलं’ असं लिहू नकोस. डिसेंबर १९४२ मध्ये १८ ते ३७ वयाच्या पुरुषांची थेट भरती बंद झाली. त्यानंतर ज्याला स्वखुशीने जायचं होतं त्यालाही ड्राफ्ट बोर्डामार्फतच जावं लागलं.

रकाना ६ वर सर्वांत जास्त चुका होतात. तिथे तुकडीचं नाव असतं आणि घरचे लोक धरून चालतात की आजोबा याच तुकडीतून लढले. १९४५ मध्ये घरी परतणाऱ्यांना गोळा करून परतीच्या तुकड्यांत घालत होते. त्यामुळे तिथलं नाव पुष्कळदा ज्या तुकडीबरोबर ते बोटीत बसले तिचं असतं. रकाना ३० मध्ये काम आणि त्याचा क्रमांक असतो, उदाहरणार्थ ७४५ म्हणजे रायफलधारी शिपाई. रकाना ३२ मध्ये मोहिमा, ३४ मध्ये जखमा, ३६ मध्ये परदेशी जाण्यायेण्याच्या तारखा. मोहिमेचं नाव आहे म्हणजे माणूस आघाडीवर होता असं नाही. त्याची तुकडी त्या काळात त्या टापूत होती एवढंच त्यातून सिद्ध होतं.

आता रकाना ५५, शेरा. तिथे ‘एएसआर स्कोअर’ आणि एक आकडा असेल तर थांब. कुणाला आधी घरी पाठवायचं हे ठरवायला सैन्याने १९४५ च्या मे महिन्यात गुण लावले. सेवेच्या प्रत्येक महिन्याला १, परदेशातल्या प्रत्येक महिन्याला आणखी १, प्रत्येक पदकाला किंवा मोहिमेच्या ताऱ्याला ५, आणि १८ वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे १२, पण तीनच मुलांपर्यंत. शिपायाला सुरुवातीला ८५ गुण लागत. समज, ३० महिने नोकरी, त्यातले १८ परदेशात, ४ तारे: ३० अधिक १८ अधिक २०, म्हणजे ६८. एक मूल असेल तर ८०, तरीही थांबावं लागणार. दोन असतील तर ९२, आणि घरची वाट मोकळी. आजोबांचा आकडा असा सोडवून बघ. लेकरांच्या जन्मतारखा शेजारी ठेव. बाप घरी कधी आला याचा हिशेब त्या आकड्यात आहे, आणि चरित्रातलं ते पान तुला विशेषणांशिवाय लिहिता येईल.

दाखला कुठेच सापडला नाही तर सेंट लुइसच्या नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटरला, म्हणजे माजी सैनिकांच्या फाइली ठेवणाऱ्या सरकारी कचेरीला, अर्ज कर, पण फार आशा ठेवू नकोस. १२ जुलै १९७३ ला तिथे आग लागली आणि १ नोव्हेंबर १९१२ ते १ जानेवारी १९६० या काळात भूदलातून सुटलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के लोकांच्या फाइली गेल्या. दुसऱ्या प्रती नव्हत्या. नौदल आणि मरीनच्या फाइली वाचल्या. उत्तरात ‘फाइल जळाली’ असं आलं तर तिथेच सोडू नकोस. शेवटच्या पगाराचं व्हाउचर आणि कंपनीचे ‘मॉर्निंग रिपोर्ट’ माग. या रिपोर्टांत फक्त बदल टिपलेले असतात: कोण आला, कोण इस्पितळात गेला, कोण परतला. त्यासाठी रेजिमेंट आणि कंपनीचं अक्षर अचूक लागतं. सुटून ६२ वर्षं झालेल्यांच्या फाइली सर्वांना खुल्या आहेत. आजोबा नंतर बरीच वर्षं राखीव दलात असतील तर ती मुदत त्या शेवटच्या तारखेपासून मोजतात, आणि मग जवळच्या नातलगाची सही लागते. त्यात नातवंडं धरत नाहीत. आजोबांच्या मुलाची किंवा मुलीची, म्हणजे सासऱ्यांची किंवा सासूबाईंची, सही घे.

अशा घरांत एक गोष्ट अभिमानाने सांगितली जाते: ‘आजोबांनी प्लझेन मुक्त केलं आणि तिथल्या लोकांशी चेकमध्ये बोलले.’ प्लझेन हे पश्चिम बोहेमियातलं शहर, आणि हे खरं असू शकतं. ६ मे १९४५ ला अमेरिकन जनरल पॅटनच्या थर्ड आर्मीच्या तुकड्या प्लझेनमध्ये शिरल्या. १६ वी आर्मर्ड, ९७ वी आणि २ री इन्फंट्री डिव्हिजन त्या भागात होत्या. चेक बोलणारे अमेरिकन शिपाई दुभाषे म्हणून उपयोगी पडले. पण तुकडी जुळल्याशिवाय हे वाक्य छापू नकोस. जुळलं तर मात्र सविस्तर लिही, कारण १९४८ नंतर कम्युनिस्ट राजवटीने ही आठवण तिथे कित्येक वर्षं दाबून ठेवली होती.

आणखी एक प्रश्न घरात सहसा कुणी विचारत नाही: ते गेलेच का? नोव्हेंबर १९४२ मध्ये भरतीच्या कायद्यात झालेल्या टायडिंग्ज दुरुस्तीनंतर शेतीला आवश्यक असलेल्या माणसाला दोन-सी वर्गात घालून सैन्यातून सूट देत. म्हणजे शेतकऱ्याच्या मुलाला घरी राहण्याची वाट होती. भावांपैकी कोण शेतावर राहिला, कोण गेला, वडिलांचं वय तेव्हा काय होतं, हे एका कागदावर मांड. गेलेल्याइतकंच मागे राहिलेल्याने केलं. त्याला चरित्रात कमी लेखू नकोस.

जमिनीकडे वळ. आपल्याकडे सातबारा काढला की मालक, पीक, बोजा एकत्र दिसतं. तिथे तसा एक उतारा नाही. खरेदीखतांची साखळी स्वतः जोडावी लागते. आधी जमिनीचं वर्णन मिळव. ते असं असतं: सेक्शन २२ चा वायव्य चतुर्थांश, टाउनशिप ७ उत्तर, रेंज ३ पूर्व, सहावी मुख्य मध्याह्न रेषा. एका टाउनशिपमध्ये ३६ सेक्शन, एक सेक्शन ६४० एकरांचा, चतुर्थांश १६० एकरांचा. क्रमांक ईशान्य कोपऱ्यातून सुरू होऊन पश्चिमेकडे ६ पर्यंत जातात, ७ हा ६ च्या खाली येतो आणि तिथून पूर्वेकडे वळतात. हे न कळल्यामुळे लोक भलत्याच शेतावर जाऊन फोटो काढून येतात.

१८६२ च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षं राहून, जमीन कसून, दोन साक्षीदार उभे केले की सरकारी जमिनीतले १६० एकर मिळत. ती फाइल वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये असते आणि तिच्यात घराची लांबी-रुंदी, विहीर, लागवडीखाली आणलेली जमीन, सगळं येतं. पण प्रत्येक चेक कुटुंबाला जमीन अशीच मिळाली असं समजू नकोस. सेक्शनचा क्रमांक विषम असेल तर ती रेल्वेला मिळालेली आणि बर्लिंग्टन या रेल्वे कंपनीकडून विकत घेतलेली असण्याचा संभव मोठा. मग होमस्टेडची फाइल नसतेच. काउंटीच्या दप्तरात खरेदीखत शोध. घराण्याच्या टेक्सासच्या शाखेचं कुणी असेल तर तिथे केंद्र सरकारची जमीनच नव्हती, त्यामुळे तिथे होमस्टेड शोधण्यात वेळ घालवू नकोस.

उत्पन्नाचे आकडे लिहिताना माप तपास. मक्याच्या दाण्यांचं बुशेल ५६ पौंडांचं, पण कणसांचं ७० पौंडांचं. गव्हाचं ६०, ओट्सचं ३२. जुन्या वहीत हाताने सोललेल्या मक्याचा आकडा असेल तर तो कणसांचा आहे का हे विचार. १९३४ आणि १९३६ च्या दुष्काळाची पानं वहीत असतील तर तिथे रेंगाळ. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने ती दोन वर्षं पाहिली असतील तर पुढच्या प्रत्येक कर्जाबद्दलची त्याची भीती तिथून आलेली असू शकते.

नावांचा घोळ होणारच. व्हात्स्लाव हा इंग्रजी कागदांत जेम्स किंवा वेस्ली होतो, वोयत्येख हा आल्बर्ट होतो, फ्रांतिशेक हा फ्रँक. स्त्रियांच्या आडनावातलं ‘ओव्हा’ गळतं. म्हणून आडनाव, जन्मसाल आणि शेजाऱ्यांची नावं अशा तीन खुणा जुळल्याशिवाय माणूस तोच असं ठरवू नकोस. थडग्यावरची तारीख दिवस, महिना, वर्ष या क्रमाने असते. जून म्हणजे चेर्व्हेन आणि जुलै म्हणजे चेर्व्हेनेत्स. झिजलेल्या दगडावर शेवटची दोन अक्षरं बोटाने चाचपून बघ. आणि दोन्ही दफनभूमी पालथ्या घाल. कॅथलिक एका ठिकाणी, चर्च न मानणारे दुसऱ्या ‘नॅशनल’ दफनभूमीत, आणि एकाच घरातले भाऊ दोन्हीकडे असू शकतात.

चर्च न मानणाऱ्यांच्या घरात बाप्तिस्म्याची नोंद नसेल. तिथे लॉजची, म्हणजे सभासद-मंडळाच्या स्थानिक शाखेची, कागदपत्रं कामाला येतात. १८९७ मध्ये ओमाहात स्थापन झालेल्या झेडसीबीजे या चेक विमा-मंडळाच्या शाखा गावोगाव होत्या. विम्याच्या अर्जात आईवडिलांचं वय आणि मृत्यूचं कारण विचारलेलं असे, आणि पैसे कुणाला द्यायचे तेही.

आता ‘कुटुंबवत्सल’. हा शब्द तू वापरूच नकोस. त्याऐवजी जमीन पुढच्या पिढीला कशी दिली ते शोध. चेक खेड्यांत ‘विमेनेक’ म्हणून करार असे: मुलाला शेत देताना म्हाताऱ्यांसाठी खोली, ठरावीक धान्य, दूध, सरपण लिहून घेत. अमेरिकेत त्याच्या जवळची गोष्ट म्हणजे खतात आईवडिलांचा हयातीपुरता हक्क राखून ठेवणं. शेत एकाला मिळालं तर बाकीच्यांना काय दिलं, केव्हा, आणि बहिणींचा वाटा ठरला तसा पोहोचला का, ते बघ. हे वाचून घरात कुणी दुखावेल अशी शंका आली तर छापण्याआधी त्यांना दाखव.

आजेसासूबाई असतील तर त्यांच्याकडे आधी जा. अंडी आणि साय विकून आलेल्या पैशांतून किराणा भागत असे. तो हिशेब बहुधा त्यांच्या हातात होता आणि कुठल्याच सरकारी कागदावर नाही. ‘ते कसे होते?’ असं विचारू नकोस. ‘घोडे कधी विकले, वीज कोणत्या साली आली, ते युद्धावर असताना दूध कोण काढायचं?’ असं विचार. एका बैठकीला तासाभरापेक्षा जास्त नको.

या आठवड्यात एवढंच कर: दाखल्याचा दोन्ही बाजूंचा फोटो काढ, जमिनीचं वर्णन उतरवून घे, आणि जुन्या फोटोंतली नावं मागे मऊ पेन्सिलीने लिहून घे. बॉलपेन नको, त्याचा वळ पुढच्या बाजूला उमटतो. दाखल्याचा फोटो मला पाठव, रकाने ६, ३६ आणि ५५ आपण मिळून वाचू.

कळावे,
तुझा हितचिंतक