फाझेकास २ आणि लॅक्यून: दोन गोळ्या कायमच्या घ्याव्यात का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांच्या मेंदूच्या एमआरआयमध्ये फाझेकास २ (पांढऱ्या डागांची ० ते ३ या मोजपट्टीवरची मधली पातळी) आणि एक जुना लॅक्यून (बारीक धमनी बंद पडून राहिलेला छोटा खड्डा) आलाय, चालणं मंदावलंय, मग अ‍ॅस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेल (दोन्ही रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या) कायमचं सुरू केलं तर जास्त सेफ नाही का. नाही, आणि हे माझं नुसतं मत नाही, नेमक्या याच प्रश्नावर एसपीएस३ नावाची मोठी ट्रायल झालीय. लॅक्युनर स्ट्रोक (बारीक धमनी बंद पडून होणारा छोटा स्ट्रोक) होऊन गेलेले ३०२० पेशंट, निम्म्यांना दोन्ही गोळ्या, निम्म्यांना अ‍ॅस्पिरिन आणि प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी. २०१२ ला निकाल आला, पुन्हा स्ट्रोक यायचं प्रमाण फारसं कमी झालं नाही, उलट मोठा रक्तस्राव जवळजवळ दुप्पट झाला आणि मृत्यूही जास्त झाले. स्ट्रोकनंतर लगेच थोडे दिवस दोन्ही गोळ्या देतात ते वेगळं, तसं चालू असेल तर स्वतःहून बंद करू नका.

या आजारात, म्हणजे मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या आजारात (स्मॉल व्हेसल डिसीज), आतल्या धमन्यांची भिंतच बिघडते, जाड होते, ताठर होते, गळायला लागते, त्यामुळे नुसतं रक्त पातळ करून भागत नाही. आणि या धमन्या नेहमीच्या एमआरआयमध्ये दिसतच नाहीत, दिसतात त्या फक्त खुणा, म्हणजे पांढरे डाग, लॅक्यून, मायक्रोब्लीड (अगदी बारीक रक्तस्रावाचे ठिपके). मायक्रोब्लीडसाठी एसडब्ल्यूआयसारखा सिक्वेन्स, म्हणजे एमआरआयचा खास प्रकारचा फोटो, लागतो, तो घेतला होता का ते रेडिओलॉजिस्टना जरूर विचारा, गोळ्यांचा निर्णय घेताना ते कळलेलं बरं.

सगळ्यात भक्कम पुरावा आहे तो बीपीचा. स्प्रिंट माइंड नावाच्या ट्रायलमध्ये वरचा बीपी १२० च्या खाली ठेवायचा प्रयत्न केलेला गट आणि १४० च्या खालचा गट अशी तुलना होती, साधारण चार वर्षांत पांढरे डाग पहिल्या गटात ०.९२ घन सेंटिमीटरने वाढले, दुसऱ्यात १.४५ ने. स्मृतीच्या सौम्य तक्रारीही कमी झाल्या, डिमेन्शियातला फरक मात्र पुरेसा ठाम निघाला नाही. पण त्यात आधी स्ट्रोक झालेले आणि डायबिटीसवाले घेतलेच नव्हते, म्हणून १२० हा आकडा उचलून थेट वडिलांना लावू नका, उभं राहिल्यावर बीपी पडून ते कोसळले तर काय उपयोग. तुमच्या वडिलांच्या जास्त जवळचे आकडे एसपीएस३ चेच, त्याच ट्रायलमध्ये बीपीचीही तुलना होती, तिथे वरचा बीपी १३० च्या खाली ठेवलेल्यांत मेंदूतला रक्तस्राव ६३ टक्क्यांनी कमी झाला.

नवीन औषधांचं विचारलंत तर एडिंबराच्या जोआना वॉर्डलॉ यांच्या टीमची लॅसी-२ ही ट्रायल बघा, २०२३ ला आली, ३६३ पेशंट, आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट आणि सिलोस्टाझोल ही दोन जुनीच औषधं. मला स्वतःला यातून खूप आशा वाटते, कारण इथे थेट धमनीच्या अस्तरावर काम करायचा विचार आहे. पण ती ट्रायल मुळात एवढंच बघायला होती की पेशंट ही औषधं नीट घेऊ शकतात का आणि सेफ आहेत का, विचारशक्तीवर फायद्याच्या खुणा दिसल्या तरी पुरावा मोठ्या ट्रायलमधूनच मिळेल. मी स्ट्रोक ट्रायलमध्ये कोऑर्डिनेटर म्हणून काम केलंय, अशा निकालावर औषध मागणारे नातेवाईक खूप भेटतात, त्यांची घाई मला कळते, तरी वाचून सुरू करू नका.

आणि डाग वाढतच जातात असंही नाही हं, नेदरलँड्सच्या रन डीएमसी अभ्यासात काहींचे डाग कमी झालेलेही दिसले. स्कॅनची सीडी जपून ठेवा, पुढच्या वेळी शेजारी ठेवून बघता येईल. वडिलांचा घरचा बीपी बसून आणि उभं राहून किती येतो ते लिहाल का इथे?