आईचा रविवारचा वर्ग मीच चालवायचा का?

मावशी,
माझी आई स्पीच थेरपिस्ट होती. मुंबईला नायर हॉस्पिटलमध्ये शिकली, पुण्यात रुग्णालयात नोकरी केली आणि निवृत्तीनंतर आमच्या विठ्ठल मंदिराच्या सभामंडपात दर रविवारी मोफत वर्ग घ्यायची. गळ्यात माळ, संध्याकाळचा हरिपाठ कधी चुकला नाही, पालखीबरोबर पुणे ते सासवड दरवर्षी चालायची. गेल्या आषाढात गेली. आता वर्षश्राद्ध आलंय. मंडळाला स्मरणिका काढायचीय, आईच्या नावाचा पुरस्कार द्यायचाय. रविवारचा वर्ग म्हणे मी चालवायचा, ‘आईकडे बघतच मोठी झालीस, तुला सगळं येतं.’ मी बँकेत आहे. नाही म्हटलं तर आईशी बेइमानी केल्यासारखं वाटतं. दादाला कार्यक्रमात पेशंटांचे आधीचे-नंतरचे व्हिडिओ दाखवायचेत. स्मरणिकेतला लेख माझ्याच गळ्यात पडलाय, पण ‘प्रेमळ, धार्मिक, कुटुंबवत्सल’च्या पुढे पेन सरकत नाही. आणि खरं सांगू? लोक तिच्या आठवणीनं रडतात तेव्हा मला राग येतो. माझ्या दहावीच्या वर्षी रोज संध्याकाळी आमच्या बाहेरच्या खोलीत ती दुसऱ्यांच्या मुलांना आरशासमोर ‘प-प-प’ म्हणायला लावत असायची.
– एक मुलगी, पुणे

मावशी म्हटलंस, तेव्हा अगंतुगंच करते.

आधी वर्गाचं बोलू, कारण मंडळाची माणसं तुझ्या दारात उभी असणार. वर्ग तू चालवायचा नाहीस. १९९२च्या कायद्याप्रमाणे या कामाला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, आणि हा नुसता कागदाचा प्रश्न नाही. लकवा मारलेल्या माणसाचं बोलणं जातं तसं कधीकधी गिळणंही बिघडतं. घोटभर चहा श्वासनलिकेत उतरला तर न्यूमोनियापर्यंत जातं प्रकरण. तीन वर्षांचं पोर बोलत नाही म्हटल्यावर आधी त्याला ऐकू येतं का, हे तपासावं लागतं. ‘बोलेल हो, याचा बापही उशिराच बोलला’ म्हणून वर्ष घालवणाऱ्या आज्यांशी तुझ्या आईनं जन्मभर वाद घातले असतील. तिच्या नावानं अर्धवट माहितीवर वर्ग चालला, तर बेइमानी ती होईल.

मंडळाला पर्याय मात्र दे. पुण्यात भारती विद्यापीठात याचं महाविद्यालय आहे. तिथल्या शिक्षकांच्या देखरेखीखाली महिन्याकाठी एखादा रविवार मंदिरात येता येईल का, हे मंडळानं जाऊन विचारावं. पुरस्काराचे पैसे शाल, श्रीफळ आणि फ्लेक्समध्ये घालण्यापेक्षा येणाऱ्यांच्या रिक्षाभाड्याला द्या. हे उपचार महिनोन्‌महिने चालतात. औषध महाग म्हणून नव्हे, आईबापाचा रोज बुडतो म्हणून अर्ध्यात सुटतात. (मंडळाला फ्लेक्स सोडवणार नाही, हे मलाही कळतं. एकच लावू द्या.)

आता लेख. पत्राच्या मागच्या पानावर, ताजा कलम म्हणून, तू एक गोष्ट थोडक्यात उरकलीस (ते पान वर छापलेलं नाही). मी तिथेच अडकले. एसटीतले निवृत्त ड्रायव्हरकाका. अर्धांगानंतर बायकोचं नाव ओठांवर येईना, ‘ते... ते...’ करून रडायचे. तुझ्या आईनं हरिपाठ सुरू केला आणि काकांनी पहिला अभंग अख्खा म्हटला. काकू पदराआड रडल्या. सभामंडपातल्या लोकांनी चमत्कार म्हणून हात जोडले.

तुझ्या आईनं हात जोडले नाहीत, हे मला तू न सांगता कळतं. मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली की विचार करून, शब्द शोधून बोलणं जातं. याला अफेजिया म्हणतात, मराठीत वाचाघात. पण पाठ असलेलं पुष्कळदा शाबूत राहतं: आकडे, वार, आरत्या, शिव्यासुद्धा. ह्यूलिंग्ज जॅक्सन नावाच्या इंग्रज डॉक्टरनं एकोणिसाव्या शतकातच हे लिहून ठेवलंय. म्हणजे काकांना बोलता आलं नव्हतं, म्हणता आलं होतं. आईचं काम तिथून पुढे होतं. तूच लिहिलंयस की ती चरणातला शेवटचा शब्द गाळायची आणि काकांकडे बघत थांबायची. मग त्याच चालीवर ‘चहा दे’, ‘पंखा लाव’. दुसरीकडे काकांच्या डाव्या हातावर तिची बोटं ठेका धरायची. चाल आणि डाव्या हातावरचा ठेका वापरून बोलतं करायची पद्धत बोस्टनच्या तज्ज्ञांनी १९७३मध्ये मांडली. ती सगळ्यांना लागू पडत नाही. समजतं सगळं, पण तोंडातून निघत नाही, अशांना तिचा जास्त उपयोग होतो. कोणाला ती लागू पडेल, हे आई पारखत होती. मोमिनपुऱ्यातल्या चाचांसाठी तिनं त्यांच्या मुलीकडून नात, म्हणजे पैगंबरांचं स्तुतिगीत, लिहून घेतली, हेही तुझंच वाक्य. माळकरी बाईनं चाचांना हरिपाठ दिला नाही. चाचांच्या ओठांवर लहानपणापासून जे होतं ते मागून घेतलं.

लेख तिथून लिही. भक्ती एका परिच्छेदात, समाजसेवा दुसऱ्यात, घर तिसऱ्यात असे कप्पे पाडलेस की पेन अडतं, कारण तुझ्या आईचे कप्पे नव्हते. ठेका धरणारी बोटं लिही. काका किती महिन्यांनी काकूंना नावानं हाक मारू शकले ते लिही, आणि नसतील मारू शकले तर तेही लिही. या कामात यश अर्धंमुर्धंच मिळतं. ते आईला ठाऊक होतं, तुझ्या वाचकालाही कळू दे.

राग आहे, तर असू दे. तक्रार खरी आहे तुझी. मन मोठं असलेली माणसं दानधर्म बहुधा घरच्यांच्या वेळातून करतात आणि घरच्यांना कोणी विचारत नाही. दहावीची ती संध्याकाळ लेखात एका वाक्यात येऊ दे, फोडणी न देता. वाचणाऱ्या शंभर आयांना ते वाक्य सगळ्यात आधी लागेल. भेटायला येऊन रडणाऱ्यांवर मात्र राग काढू नकोस. त्यांना तुझा हिस्सा मिळत होता हे ठाऊक नव्हतं.

दादाचे व्हिडिओ. नाही, आणि यावर चर्चा नको. सात वर्षांचा असताना अडखळणारा मुलगा आज नोकरीला असेल, त्याच्यासाठी स्थळं बघत असतील. सभामंडपात सासरची होऊ घातलेली माणसं बसलीत आणि पडद्यावर हा ‘क-क-क’ करतोय, हे आईला चाललं असतं का, एवढंच दादाला विचार. ज्यांनी स्वतः लेखी परवानगी दिली त्यांचेच दाखवा. आईच्या केसच्या वह्या कपाटात कुलपात राहू देत. एखाद्याला पुढच्या उपचारांसाठी त्याचा कागद हवा असेल तर त्याचा त्याला दे. बाकी प्रदर्शनात मांडायच्या नाहीत.

एक गोष्ट मात्र नोंदणीशिवाय चालते. वाचाघात झालेल्यांचं एकत्र बसणं, गाणं, गप्पा. जगात कित्येक ठिकाणी अशा लोकांची गायनमंडळं आहेत. तिथे उपचाराचा दावा नसतो, घरात कोंडलेल्या माणसाला चार माणसांत बसायला मिळतं. रविवारचा हरिपाठ त्यांच्यासाठी चालू ठेवा, शेवटचा शब्द त्यांच्यावर सोडा, घाई करू नका, वाक्य त्यांच्या तोंडून काढून घेऊ नका. तुला जमत नसेल तर दादाला बसव. व्हिडिओचा उत्साह तिथे कामी येईल.

‘कुटुंबवत्सल’ निमंत्रणपत्रिकेवर जाऊ दे, तिथे खपतं. लेखात नको.